प्रकल्प नोंदी : कटर, १९२९

४ जून

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा. पाच हजार शब्द, मुदत ३१ ऑगस्ट. जागा हॉलिवूड, काळ १९२८ ते १९३०. बोलपट आला आणि स्टुडिओंत सगळी उलथापालथ झाली, ती दोन वर्षं. संपादकांना फोनवर 'हॉलिवूडचा सुवर्णकाळ' एवढंच सांगितलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा नट्या, फरचे कोट आणि शॅम्पेन आले असणार. (शॅम्पेनला तर कायद्यानंच बंदी होती, थेट डिसेंबर १९३३ पर्यंत. पीत सगळेच, पण दार लावून.)

माझी नायिका नटी नाही, ती कटिंग रूममध्ये बसते. फिल्म कापून-जोडून सिनेमा बांधणाऱ्या संकलकाला त्या वेळचा शब्द कटर. मूकपटांच्या काळात या कामात बायका बऱ्याच होत्या. मान मोडून करायचं बारीक काम, पगार बेताचा आणि पडद्यावर नाव बहुतेकदा नाहीच. शिवणटिपणासारखं, म्हणजे बायकांचं, असा हिशेब. त्यातूनच एमजीएम स्टुडिओत मार्गारेट बूथ वर आली. ॲन बॉचेन्सनं तर दिग्दर्शक सेसिल डमिलचे सिनेमे चाळीसेक वर्षं कापले. मला मात्र अशी कटर हवी आहे जी कुठल्याच यादीत नाही. तिला अजून नाव सापडलेलं नाही. फाइलमध्ये ती 'कटर'च आहे.

ठरवून टाकलेलं : चिरक्या आवाजाची नटी नको, फुलदाणीत लपवलेला माइक नको. ते सगळं सगळ्यांनी पाहिलंय.

७ जून

पहिला प्रसंग लिहिला, १२०० शब्द. ती संध्याकाळी स्टुडिओतून बाहेर पडते, 'रेड कार' नावाच्या ट्राममध्ये बसते, खिडकीतून डोंगरावरची 'हॉलिवूड' अक्षरं दिसतात. स्वतःवर खूश होऊन झोपले.

८ जून

अक्षरं चुकली. १९२९ मध्ये डोंगरावर 'हॉलिवूडलँड' होतं. १९२३ साली उभारलेली ती घरांच्या प्लॉटची जाहिरात! चाळीस-पन्नास फूट उंच अक्षरं, रात्री दिवे लागायचे. वर्ष-दीड वर्षात उतरवायची असं ठरलेलं होतं, ती राहूनच गेली. 'लँड' काढलं १९४९ ला.

आधी वैतागले, मग बरं वाटलं. नुसतं 'हॉलिवूड' म्हणजे स्वप्न वगैरे. 'हॉलिवूडलँड' म्हणजे बायपासच्या कडेला लागलेला एनए प्लॉटचा बोर्ड. माझी कटर त्याकडे बघून हप्ता किती बसेल याचा विचार करते. प्रसंग तिथून पुन्हा लिहिला. रेड कार मात्र बरोबर निघाली. पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या त्या ट्राम हॉलिवूड बुलेव्हारवरून जात आणि शहराच्या मध्यवस्तीत शिरताना १९२५ पासून बोगद्यातून जात. बोगद्यात खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसतो, ते राहू दे.

१५ जून

आज पुरस्काराच्या प्रसंगाचा निकाल लागला. मूळ बेत असा : पहिला ॲकॅडमी पुरस्कार (म्हणजे ऑस्कर) सोहळा, श्वास रोखलेली माणसं, लखोटा फुटतो, दिग्दर्शकाचं नाव येत नाही. नाट्य भरपूर. आणि सगळं खोटं. १६ मे १९२९, हॉटेल रूझवेल्ट, २७० माणसं, पाच डॉलरचं तिकीट, आणि बक्षीसवाटप जेमतेम पंधरा मिनिटांत उरकलं. निकाल तीन महिने आधीच जाहीर झाले होते. बंद लखोटे आले १९४१ साली. तेव्हा श्वास कोण कशाला रोखेल, लोक जेवत होते. शिवाय संकलनाला बक्षीसच नव्हतं, ते १९३४ च्या सिनेमांपासून सुरू झालं.

८०० शब्द कचऱ्यात. कथेत उरली ती एकच ओळ : दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी येतो आणि सांगतो, चिकन बरं होतं. (चिकन माझ्या पदरचं.)

२२ जून

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. मुंबईत एका लॅबमध्ये त्यांनी तीस-बत्तीस वर्षं निगेटिव्ह कटिंग केलं आणि निवृत्त होऊन कोल्हापूरला परत आले. इतकी वर्षं जिन्यात भेटतात, आणि मला हे माहीतच नव्हतं. काकूंनी भाजीच्या निमित्तानं सांगितलं म्हणून कळलं.

काकांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत फिल्मचे तुकडे, एक जुना स्प्लायसर (फिल्म जोडायचं यंत्र), अर्धं ब्लेड.

"सांग बघू, यातली इमल्शनची बाजू कुठली?"

इमल्शन म्हणजे चित्र ज्यात उमटतं तो लेप. मी उजेडात धरून पाहिलं. एक बाजू चकचकीत, एक जरा मंद. तसं म्हणाले.

"हां, इथं खिडकीत दिसतंय. अंधाऱ्या खोलीत काय करशील?"

त्यांनी तुकडा ओठांवर टेकवला आणि हलकेच ओढला. ओठ किंचित फिल्मबरोबर आला. "चिकटली ती इमल्शनची बाजू. आता तू कर."

मी केलं. खरंच चिकटते, ओलसर बोटाला पापड चिकटावा तशी. दुसऱ्या बाजूनं नुसती काच. मग त्यांनी जोड दाखवला. एका टोकाचं इमल्शन ब्लेडनं खरवडायचं, खालची फिल्म पारदर्शक दिसेपर्यंतच, त्यापुढे एक हातही नाही. त्यावर सिमेंटचा एक पातळ हात, दुसरं टोक वर, दाबायचं, मनात दहा आकडे. सिमेंट म्हणजे चिकटवणं नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ते फिल्म विरघळवतं आणि दोन तुकडे एकमेकांत मुरतात. त्यांच्याकडची बाटली कधीच वाळून गेलेली, त्यामुळे सगळं कोरड्या हातानंच झालं. पण हात थरथरत नव्हता. चहाचा कप धरताना थरथरतो.

२३ जून

कालचा ओठांचा तपशील घातला. कटर दिवसभरात पन्नासदा फिल्म ओठांना लावते. तिची लिपस्टिक टिकत नाही, म्हणून ती लावतच नाही, आणि कँटीनमध्ये नट्यांच्या टेबलाजवळून जाताना ते तिला जाणवतं. हॉलिवूडमधल्या कटर हीच युक्ती करत असतील असं धरलंय. इमल्शन इथून तिथून सारखंच, ओठही.

काकांनी अजून एक चूक पकडली. माझा दिग्दर्शक सिगार ओढत कटिंग रूममध्ये शिरतो. "मग तुझी गोष्ट तिथंच संपली की गं. सगळी खोली पेटली." त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतः तयार करते, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. काकांनी स्वतः सहज न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवरच काम केलं, पण त्यांच्या उस्तादांच्या हाताला डाग होता. दिग्दर्शक आता सिगार दाराबाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आत येतो, बाहेर जाताना उचलतो. कधीकधी आत इतका वेळ लागतो की ती विझलेली असते. प्रसंग किती चालला हे सांगायला मला घड्याळ मिळालं.

६ जुलै

दोन आठवडे ऑफिसच्या कामात गेले. आज नुसतं वाचन आणि हिशेब.

वॉर्नर स्टुडिओची व्हायटाफोन पद्धत, म्हणजे 'द जॅझ सिंगर' हा गाजलेला बोलपट ज्या पद्धतीनं ६ ऑक्टोबर १९२७ ला न्यूयॉर्कमध्ये लागला ती. आवाज फिल्मवर नाहीच, वेगळ्या तबकडीवर. तबकडी सोळा इंची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, आणि सुई आतून बाहेर जाते. एक तबकडी साधारण अकरा मिनिटं, कारण हजार फुटांचं रीळ तेवढंच चालतं : फुटाला सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस, करा भागाकार. प्रोजेक्टरवर रीळ आणि शेजारी तबकडी, दोन्ही एकाच मोटरवर. तबकडी वीसेकदा वाजली की टाकून द्यायची. किती वेळा वाजली याच्या खुणा करायला लेबलवरच चौकटी.

फिल्म तुटली आणि जोडताना चार फ्रेम गेल्या, तर तिथं मोजून चार काळ्या फ्रेम घालायच्या. नाही घातल्या तर तिथून पुढे रीळ संपेपर्यंत ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.

हे सगळं माझ्या कटरच्या बाजूनं पाहिलं आणि कथा सापडली असं वाटलं. तबकडी कापता येत नाही. म्हणून अख्खा प्रसंग एका दमात, तीन-चार कॅमेरे एकदम चालू ठेवून घ्यायचा. एक लांबून, बाकीचे जवळून. मग कटिंग रूममध्ये तिनं काय करायचं? कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा, एवढंच. एकूण लांबी तबकडीशी फ्रेमला फ्रेम जुळली पाहिजे. काल-परवापर्यंत वेळ तिच्या हातात होता. नटीनं वळून बघायला किती क्षण घ्यायचे हे ती ठरवायची, नटी नव्हे. आता वेळ तबकडीनं ठरवलेला.

आठ फ्रेम. एका संवादाआधी नटी आठ फ्रेम जास्त थांबते, सेकंदाचा तिसरा हिस्सा. कटरला त्या खुपतात, आणि काढता येत नाहीत. कथा एवढीच.

१२ जुलै

परवा संपादकांचा फोन आला होता. वेग कसा आहे वगैरे. मग : "एखादं मराठी पात्र टाकता येईल का? वाचकाला धागा मिळतो."

दोन दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानसकट आशियाचा मोठा भाग प्रवेशबंदीच्या पट्ट्यात गेलेला. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्याच्या निकालानं नागरिकत्वाचं दारही बंद. दरवर्षी शंभर जणांचा कोटा मिळाला तो १९४६ साली. तरी विद्यार्थी होते, व्यापारी होते, नाही असं नाही. पण स्टुडिओच्या कटिंग रूममध्ये मराठी मुलगी? तिथं पोचेपर्यंतच वीस पानं लागतील, आणि मग गोष्ट तीच होईल.

खरा धागा आहे तो वेगळाच आहे आणि दुखरा आहे. मर्ल ओबेरॉन, जन्म मुंबई, १९११. ऑस्करचं नामांकन मिळालेली नटी, पण आयुष्यभर सांगत राहिली की आपण टास्मानियाच्या. आई-आजीच्या बाजूनं असलेलं पौर्वात्य रक्त कळलं असतं तर नायिकेच्या भूमिका गेल्या असत्या. अपघातात चेहऱ्यावर व्रण आले, तेव्हा कॅमेरामन लुसियन बॅलार्डनं लेन्सला लागून एक दिवा बसवला. समोरून सपाट उजेड पडला की व्रण दिसेनासे. त्या दिव्याला तिच्यावरूनच 'ओबी' म्हणतात. पण तो दिवा चाळीसच्या दशकातला. माझ्या १९२९ मध्ये ती अजून कलकत्त्याहून लंडनला नवी आलेली. संपादकांना 'नाही जमत' कळवलं. ते "बरं" म्हणाले, पण 'बरं'चा सूर बरा नव्हता.

१३ जुलै

आलंच आहे डोक्यात तर लिहून ठेवते. १९२९ च्या जानेवारीत पॅरामाउंटचा नवा, जवळजवळ तयार झालेला साउंड स्टेज जळाला. मग जुन्या मूकपटांच्या स्टेजना आतून ब्लँकेटं लटकवली आणि शूटिंग रात्री केलं, बाहेरची रहदारी थांबल्यावर. दोन वर्षांनी मुंबईत अर्देशीर इराणी 'आलम आरा' करत होते तेव्हा स्टुडिओशेजारी रेल्वेचे रूळ, म्हणून शूटिंग मध्यरात्रीनंतर, गाड्या बंद झाल्यावर. ध्वनिमुद्रणाची यंत्रंही अमेरिकन आणि ती लावून द्यायला आलेला तंत्रज्ञ विल्फर्ड डेमिंगही अमेरिकन. संपादकांना हवा असलेला धागा हा. कथेत जाणार नाही, पण मला बळ देतो. रात्री दोन वाजता माणसं कुजबुजत का बोलतात हे दोन्हीकडे सारखंच असणार.

१९ जुलै

आज दिवसभर सर्वनामांशी मारामारी.

पात्रं मुळात इंग्रजीत बोलतात. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच शब्द : नटीला, हमालाला, मालकाला, कुत्र्याला. मला मराठीत प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, तू की तुम्ही. पहिल्या खर्ड्यात सरसकट 'तुम्ही' घातलं तर सगळा स्टुडिओ पतसंस्थेच्या वार्षिक सभेसारखा बोलायला लागला. सरसकट 'तू' घातलं तर कॉलेजचं गॅदरिंग. 'साहेब' घातलं की लगेच कलेक्टर कचेरी.

मग यादी केली. दिग्दर्शक मूकपटांचा माणूस. शूटिंग चालू असताना भोंग्यातून ओरडत राहायचं : "रड! अजून! आता वळ!" कोपऱ्यात व्हायोलिनवाला आणि पेटीवाला, नटीला रडू यावं म्हणून भाड्यानं आणलेले. हा माणूस सगळ्यांना 'तू' म्हणतो. कटरलाही. ती त्याला 'तुम्ही'. इथवर सोपं.

अडकले ते ध्वनियंत्राच्या माणसाशी. ही मंडळी सिनेमातली नव्हतीच. टेलिफोन कंपन्यांतून, रेडिओतून आलेले तरुण इंजिनिअर. सिनेमाचं काही कळत नाही, पण आवाज बरोबर आला की नाही हे तेच सांगणार. ते 'नाही' म्हणाले की पुन्हा. कार्बन आर्कचे दिवे फसफसतात, काढा, साधे बल्बचे दिवे लावा. पंखे बंद. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येते, कॅमेऱ्याला कॅमेरामनसकट काचेच्या खिडकीच्या बंद खोपट्यात घाला. (त्याला आइसबॉक्स म्हणत. आत भट्टी. कॅमेरामन टेक संपला की दार उघडून माशासारखा तोंड वासून बाहेर पडायचा.) आणि भोंगा बंद, व्हायोलिनवाला बंद. दिग्दर्शकानं गप्प बसायचं, चित्रीकरणभर, आयुष्यात पहिल्यांदा.

आता सव्वीस वर्षांच्या टेलिफोनवाल्या पोराला हा काय म्हणेल? पहिल्या दिवशी अर्थातच :

"ए, तुझं झालं का?"

आणि तीन आठवड्यांनी :

"आवाज येतोय," तो खोलीतून म्हणाला.
"कसला?"
"खुर्चीचा."
"कुणाच्या?"
"तुमच्या."
दिग्दर्शक उठला. खुर्ची त्यानं स्वतः उचलून भिंतीकडे नेली. "आता घ्यायचं का तुम्हाला?"

हे लिहून झालं आणि मी पेन ठेवलं. बोलपट आल्यावर स्टुडिओतली सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली हे सांगायला मी अडीच पानं खर्चली होती, ती पानं या एका 'तुम्हाला'नं फुकट गेली. काढून टाकली. हे इंग्रजीत लिहिणाऱ्याला साधलं नसतं, त्यानं बिचाऱ्यानं ते दुसऱ्या कशातून तरी काढलं असतं. एरवी मी 'आपल्या भाषेत काय काय आहे' असा सूर लावणाऱ्यांना टाळते. आज मला माफी.

२ ऑगस्ट

शब्द ३९००. मेणाचा प्रसंग घातला. आवाज आधी मऊ मेणाच्या जाड चकतीवर कोरला जायचा. ती वाजवून बघावी तर सुईनं खराब होते, मग तिच्यापासून तबकडी निघत नाही. म्हणून दोन चकत्या एकदम कोरायच्या, एक वाजवून ऐकायला, एक जपायला. ऐकलेली बाद. माझा टेलिफोनवाला ऐकून झालेली चकती कटरला दाखवतो : "यावर सगळं आहे, पण आता उपयोग नाही." ती त्याला तू म्हणते का तुम्ही? दोघंही नोकर, वय सारखं. तरी 'तुम्ही'च ठेवलं. 'तू' आलं तर वाचक लगेच लग्न लावून मोकळा होईल.

९ ऑगस्ट

लग्नावरून आठवलं. शेवटाचा घोळ होता. १९३० मध्ये स्टुडिओ तबकडी सोडून फिल्मवरच्या आवाजाकडे जातो, कटरला पुन्हा कापता येतं, ती त्या आठ फ्रेम काढते. पण वाचलं की फिल्मवर आवाज चित्राच्या वीसेक फ्रेम पुढे असतो, कारण चित्र प्रोजेक्टरच्या खिडकीसमोर अडखळत जातं आणि आवाजाला सलग गती लागते. मग चित्राचा तुकडा कापला तर आवाज भलतीकडचा जाणार! शेवटच गेला, असं वाटून काकांकडे धावले.

काका हसले. "कापताना पट्ट्या दोन असतात गं. चित्राची वेगळी, आवाजाची वेगळी. समोरासमोर ठेवायच्या, दोन्ही एकदम कापायच्या. ते पुढे-मागे करायचं ते शेवटी, मॅरीड प्रिंट काढताना."

"मॅरीड?"

"लग्न झालेली. तोवर दोघं आपापल्या घरी."

१६ ऑगस्ट

शेवट लिहिला. आठ फ्रेम ती काढते. अर्ध्या फुटाचा तुकडा. चित्राचा एक, आवाजाचा एक. आवाजाच्या तुकड्यावर काही नाही, कारण ती शांतताच होती, नुसती सारखी करडी पट्टी. दिग्दर्शक रात्री रीळ बघतो आणि म्हणतो, नटी सुधारली हं. एवढंच. तिनं काही बोलावं असं खूप वाटत होतं, दोन वाक्यं लिहिलीही. काढली.

२४ ऑगस्ट

५६०० शब्द. सहाशे काढायचे. हॉलिवूडलँडचा हप्ता वाचवला, बोगद्यातला चेहरा गेला.

३० ऑगस्ट

काकांना खर्डा वाचायला दिला होता. आज जिन्यात थांबवलं. पानांवर पेन्सिलीनं एकच शब्द तीन ठिकाणी गोल केलेला : हातमोजे.

"हे पांढरे मोजे कुणी घातले हिला?"

"तुम्हीच म्हणालात ना काका, मोजे घालून—"

"ते निगेटिव्हला. मी निगेटिव्ह कापायचो. ही रश प्रिंट, म्हणजे कामापुरती काढलेली कॉपी कापतीय, तिला कशाला मोजे? बोटाला फिल्म लागल्याशिवाय कळणार कसं?"

तिन्ही ठिकाणचे मोजे काढले. त्यामुळे पान चारवरचं एक वाक्य लंगडं झालं होतं, तेही नीट केलं. ४९८० शब्द. फाइल रात्री ११:४० ला पाठवली.